शेवटचा पाव फेरा

शीळफाट्याला आमच्या कंपनीची बस रोज सकाळी अडकते. पुढे कंटेनर, मागे डंपर, मध्ये आम्ही. बसमधल्या सगळ्यांच्या कानात हेडफोन असतात. माझ्याही असतात, पण बऱ्याचदा मी त्यात काही लावलेलं नसतं. नुसती समोरच्या ट्रककडे बघत बसते. काळा धूर भसकन बाहेर येतो, शेजारची मुलगी खिडकी ओढून घेते, आणि माझ्या डोक्यात तेच वाक्य येतं, "केवढा कच्चा माल चाललाय बघ वाया!"

हे वाक्य बाईंचं.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई नव्हेत. त्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या होत्या. तिथले कामगार त्यांना बाई म्हणायचे, तेच पुढे चालू राहिलं. पहिल्या दिवशी मी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडमला पगार जास्त असतो गं. मला बाई म्हण, परवडेल."

त्यांचा गाळा वागळे इस्टेटमध्ये होता, एका जुन्या इंडस्ट्रियल इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट फक्त मालासाठी होती. बाई जिन्यानेच यायच्या आणि प्रत्येक वळणावर थांबून स्वतःची नाडी मोजायच्या. मोजून झालं की पर्समधून पेन्सिल काढून तो आकडा तिथेच भिंतीवर लिहायच्या, खाली तारीख. त्या जिन्यात पान खाऊन थुंकलेल्या कोपऱ्यांच्या वर बाईंच्या नाडीचे असे दोन-तीन वर्षांचे आकडे होते. कुणी कधी पुसले नाहीत.

मी तिथे गेले ती चार इंटरव्ह्यूंमध्ये नापास होऊन. एमएस्सीला मार्क चांगले होते, पण समोर तीन माणसं बसली की मला उत्तर येत असूनही तोंड उघडत नसे. बाईंनी मला काहीच विचारलं नाही. काचेची एक नळी आणि स्वच्छ पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, "फुंक."

मी फुंकलं. पाणी दुधाळ झालं. चुन्याची निवळी होती ती. आठवीत केलेला प्रयोग.

"थांब! आता थांब. आणखी फुंकलंस तर पुन्हा निवळ होईल. लोकांना हेच कळत नाही, कधी थांबायचं."

मग त्यांनी तो पांढरा साका खाली बसू दिला, गाळला, दिव्याखाली वाळवला. चिमूटभर झाला. तो एका छोट्या बाटलीत भरला, वर माझं नाव आणि तारखेची चिठ्ठी चिकटवली, बाटली फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

फळीवर अशा पन्नासेक बाटल्या होत्या. पोस्टमन, वीजमीटर बघायला येणारा, त्यांची धाकटी बहीण, गणपतीची वर्गणी मागायला आलेला एक मुलगा, शेजारच्या गाळ्यातले लेथवाले दादा. बाईंकडे आलेल्या माणसाला फुंकल्याशिवाय सुटका नव्हती. एका बाटलीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं.

"यात थेंबभर आम्ल घातलं की माणसाचा श्वास पुन्हा बाहेर," त्या सांगायच्या. "तो नळीत सोडायचा, निकेलवरून न्यायचा, आणि पलीकडे जो गॅस निघेल त्यावर चहा ठेवायचा. ज्याचा श्वास त्यालाच चहा."

हे त्या विनोदाने म्हणत नसत. तोच त्यांचा प्रकल्प होता.

काम थोडक्यात सांगते, कारण बाईंना कुणी ते अर्धवट सांगितलेलं खपत नसे. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन तापलेल्या निकेलवरून नेले की मिथेन होतो, म्हणजे पाइपने घराघरांत येतो तो स्वयंपाकाचा गॅस. सोबत पाणी तयार होतं. अडचण अशी की कार्बन डायऑक्साइड सहजासहजी हलत नाही, त्याला फार उष्णता लागते. बाई म्हणायच्या, "तो पोटभर जेवून लवंडलेला जावई आहे. त्याला उठवायचं तर एक तर घराला आग लावा, नाहीतर त्याला शॉक द्या." बाईंनी शॉक निवडला होता. क्वार्ट्‌झची हातभर लांब नळी, तिच्या मधोमध स्टीलची सळई, बाहेरून जाळी गुंडाळलेली, आत निकेलच्या बारीक गोळ्या. त्यात हजारो व्होल्टचा दाब दिला की आतला गॅस चमकू लागायचा. त्याला प्लाझ्मा म्हणतात. मग कमी उष्णतेतही निकेल आपलं काम करायचं.

बाई प्लाझ्माला प्लाझ्मा म्हणत नसत. "जांभळं आलं का?" असं विचारायच्या. गाळ्यातले दिवे बंद करायच्या, पडदा ओढायच्या आणि आम्ही दोघी स्टुलांवर बसून ते बघायचो. पिकल्या जांभळाचाच रंग. वीज पडून गेल्यावर येतो तसा वास सुटायचा. बाईंच्या चष्म्यात दोन जांभळ्या रेघा दिसायच्या. त्या वेळी त्या बोलत नसत. मी तर तशीही बोलत नसे. मला वाटतं, आयुष्यात कुणाबरोबर इतकं छान गप्प बसायला मला पुन्हा मिळालेलं नाही.

तीस वर्षं त्यांनी याच निकेलने तेलाचं तूप केलं होतं. त्याचा परिणाम असा की त्या वनस्पती तुपातलं काही खात नसत, पण वास मात्र घ्यायच्या. गोखले रोडवरच्या मिठाईच्या दुकानात एकदा त्यांनी बालुशाही नाकाशी धरली आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणाल्या, "तिसऱ्यांदा तापवलंय."

तो म्हणाला, "आजी, घ्यायची आहे की नाही?"

"घ्यायची नाही. सांगायचं होतं."

मी चार पावलं मागे सरकून उभी राहिलेले, आपण यांच्यासोबत नाही अशी.

नवरात्रात त्या मला टेंभी नाक्यावर घेऊन गेल्या. मला वाटलं देवीच्या दर्शनाला. दर्शन झालंही, रांगेत उभं राहून, रीतसर. पण तिथून त्या मला मांडवाच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या, जिथे जनरेटर चालू होते. नव्या साडीत, केसांत गजरा माळून बाई त्या धुराजवळ हात मागे बांधून उभ्या राहिल्या. "केवढा कच्चा माल," म्हणाल्या. तिथल्या स्वयंसेवकाने विचारलं, "मावशी, काय हरवलंय का?" बाई म्हणाल्या, "हो ना, बघा ना कसं हरवतंय."

धुराचं त्यांना वाईट वाटायचं, चीड येत नसे. चीड यायची ती कार्बन मोनॉक्साइडची. प्रक्रिया नीट झाली नाही की मिथेनऐवजी तो निघायचा. "एक ऑक्सिजन सुटला, दुसरा धरून बसलाय. अर्धवट!" त्याच्यासाठी भिंतीवर भोंगा लावला होता. तो वाजला की बाई खिडक्या उघडता उघडता त्या वायूला नावं ठेवायच्या, शेजारणीला ठेवावीत तशी.

वहीचं त्यांचं वेगळंच होतं. प्रयोगाची वही मराठीत लिहायची. मी शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत केलेली, घरी मराठी बोलायचे पण लिहिताना हात अडखळायचा. मी हळूच म्हटलं, "इंग्लिशमध्ये चालेल का?"

"नाही. तुम्ही इंग्रजीत लिहिता 'इट वॉज ऑब्झर्व्हड'. कुणी बघितलं? पत्ताच नाही. इथे लिहायचं, मी बघितलं."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी ते दोन शब्द असायचे. बाई हिरव्या पेन्सिलीने माझ्या चुका सुधारायच्या, पण त्या दोन शब्दांवर कधी खूण केली नाही.

आता पान्याचं सांगायला हवं.

गाळ्यात गॅस ओळखणारं एक जुनं यंत्र होतं. त्याला रोज सकाळी शुद्ध मिथेन दाखवायला लागायचा, म्हणजे दिवसभर ते मिथेनचं प्रमाण बरोबर सांगायचं. त्यासाठी एक छोटा सिलिंडर होता. त्याचा व्हॉल्व्ह झिजलेला. हाताने बंद केला की बंद झाल्यासारखा वाटायचा, पण शेवटचा पाव फेरा पान्याशिवाय बसत नसे. आणि पाना होता शेजारच्या लेथवाल्या दादांकडे.

दादा इथलेच, मूळ गावकीतले. त्यांच्या आजोबांनी मिठागरावर काम केलेलं. ते पाना उसना देत नसत. "हत्यार धन्याबरोबरच जातं," म्हणायचे आणि स्वतः यायचे. म्हणजे मला रोज सकाळी दोनदा, उघडताना आणि बंद करताना, त्यांच्या दारात जाऊन उभं राहायला लागायचं. आणि मी नुसती उभी राहिले तर ते वरही बघत नसत.

"कोन आलंय? वारा आला का?" लेथकडे बघतच ते विचारायचे.

"दादा..."

"बोलतोय बग वारा. काय पायजे ता सांग."

"व्हॉल्व्ह."

"व्हॉल्व्हचा काय करू? भाजी?"

"दादा, जरा व्हॉल्व्ह आवळून द्या ना."

"आता कसं! एवढंच बोलायला सकाळपासून तीन ग्लास पानी प्यालीस ना?" मग हात पुसत उठायचे. येता येता चौकशी. डोंबिवलीत कुठं राहतेस, वडील काय करतात, कोकणात गाव कुठलं, लगीन ठरलंय का. मी एका शब्दात उत्तरं द्यायचे. आमच्या नळीच्या टोकाला जमणारा पाण्याचा थेंब बघून एकदा बाईंना म्हणालेले, "आमचा आजा जन्मभर पानी आटवत बसला, नि तुमी पानी काढून दाखवता. भेटायला पायजे होते दोगं."

मी बाईंना एकदाच म्हटलं, "आपण पाना विकत घेऊ या का?"

त्या नळीत डोकं घालून बसलेल्या. म्हणाल्या, "कशाला? शेजारी आहे ना."

व्हॉल्व्ह बंद झाला की पुढची पायरी कोरी फेरी. म्हणजे जांभळं न लावता, वीज न देता नळीतून नुसता गॅस सोडायचा आणि यंत्रात मिथेन शून्य येतोय ना ते बघायचं. शून्य आलं तरच दिवसाचं काम खरं. याला पाऊण तास लागायचा आणि ते माझं काम होतं. बाई अकराला यायच्या, तोपर्यंत सगळं तयार.

त्या दिवशी दादांनी सकाळी व्हॉल्व्ह उघडून दिला. थोड्या वेळाने बंद करायला बोलवायला गेले तर त्यांच्या गाळ्यात पाच-सहा माणसं बसली होती. कुणीतरी नवीन मशीन बघायला आलेलं. चहा चालला होता, मोठ्याने हसणं चाललं होतं. दादांची पाठ माझ्याकडे होती. मी दारापर्यंत गेले. एका माणसाने माझ्याकडे बघितलं. मी परत फिरले. पुन्हा गेले. पुन्हा फिरले. कॉरिडॉरमध्ये अशी किती वेळ गेले-आले कोण जाणे. शेवटी आत येऊन ओढणी हाताला गुंडाळून व्हॉल्व्ह जोर लावून बंद केला. घड्याळात बघितलं, कोऱ्या फेरीला वेळ उरला नव्हता. जिन्यात बाईंची चाहूल लागली, शेवटच्या वळणावर त्या नाडी मोजत असणार.

मी वहीत लिहिलं, "कोरी फेरी घेतली. मिथेन शून्य. मी बघितलं."

त्या दिवशी मिथेन नेहमीच्या तिप्पट आला.

बाईंनी यंत्रातून आलेल्या कागदावरचा तो उंच सुळका बघितला आणि खाली बसल्या. मग उठल्या. मग पदराने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "अगं," म्हणाल्या. मला जवळ घेतलं. बाईंनी मला जवळ घेतलं ते त्या एकाच दिवशी. मलाही आनंद झाला होता. अगदी खरा. तो आकडा कुठून आला ते मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

एका ऊर्जा कंपनीच्या लोकांनी त्यांना वर्षभरापूर्वी सांगितलेलं, आकडा चांगला आला की बोलवा, मोठी नळी आपण बांधू. बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. पुढच्या शुक्रवारी यायचं ठरलं. तोपर्यंत नळीला हात लावायचा नाही असं बाईंनी जाहीर केलं. "निकेलवर काजळी धरते. आहे तसं राहू दे त्यांच्यासाठी." दुसरा कुठलाही आकडा त्यांनी असा एकदाच बघून सोडला नसता. पण तेव्हा मी तो विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिथेनच्या सिलिंडरवरचा काटा बघितला. तो तळाला टेकला होता. रात्रभर आणि त्याआधी दिवसभर व्हॉल्व्हमधून गॅस झिरपत राहिलेला, आमच्या यंत्राच्या नळीत. तो उंच सुळका निकेलचा नव्हता. विकतच्या सिलिंडरचा होता.

आठ दिवस मी बाईंना सांगितलं नाही.

त्या आठ दिवसांत बाईंनी एक छोटं पातेलं आणलं, कपबशा आणल्या. फुटबॉलचा एक ब्लॅडर होता, त्यात त्यांनी आधीच्या महिन्यांत जमवलेला गॅस होता. सगळ्यांच्या बाटल्यांतला थोडा थोडा साका काढून केलेला. तो त्यांनी पुस्तकाखाली ठेवून दाबून बघितला, ज्योत किती वेळ चालेल त्याचा अंदाज घेतला. साडी कुठली नेसू म्हणून मला विचारलं. घरी आई विचारायची, बरं नाही का तुला? मी म्हणायचे, काही नाही. रोज सकाळी ठरवून जायचे, आज सांगायचं. बाई जिन्याच्या शेवटच्या वळणावर आल्या की मी वही उघडून त्यात डोकं घालायचे.

गुरुवारी दुपारी त्या डबा खात असताना मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिलं होतं, "मी कोरी फेरी घेतली नव्हती. व्हॉल्व्ह हाताने बंद केला होता. सिलिंडर रिकामा झाला आहे. मिथेन त्यातला आहे. मी खोटं लिहिलं."

बाईंनी वाचलं. घास तसाच हातात. वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी रडत नव्हते. मला रडू येत नाही लवकर. नुसती उभी होते.

"पाणी कमी होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी नळीच्या टोकाला पाणी नेहमीइतकंच होतं. मिथेन तिप्पट, तर पाणीही तिप्पट हवं. मी मोजलं होतं. मला त्याच संध्याकाळी दिसलं." त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. "म्हटलं सांध्यातून उडालं असेल. तीस वर्षं दुसऱ्यांचे असले आकडे मी परत पाठवले, आणि स्वतःच्या वेळी म्हटलं, उडालं असेल."

"बाई, सॉरी."

"चूक तुझी एकटीची नाही. त्या व्हॉल्व्हचं मी..." त्या मध्येच थांबल्या. "जाऊ दे. सांगेन कधीतरी."

"उद्या त्यांना नको सांगू का? येऊ नका म्हणून फोन करू?" फोन करेन असं मी आपण होऊन म्हटलं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"नाही. बोलावलंय ना, येऊ देत. फुंकून जातील."

शुक्रवारी तिघं आले. बाई ठरलेलीच साडी नेसल्या होत्या. त्यांनी आधी सगळ्यांना चुन्याच्या निवळीत फुंकायला लावलं. मग कोरी फेरी दाखवली, शून्य. मग दिवे बंद करून जांभळं दाखवलं. मग कागद बाहेर आला. सुळका आपला नेहमीचाच, बुटका.

त्यांच्यातले मोठे साहेब म्हणाले, "पण मॅडम, फोनवर तुम्ही वेगळा फिगर सांगितला होता."

"तो चुकला," बाई म्हणाल्या. "कसा चुकला ते ही सांगेल."

तीन माणसं माझ्याकडे बघायला लागली. चौथ्या बाई. त्या बघत नव्हत्या, नळीच्या टोकाचं पाणी पुसत होत्या. मी इंग्रजीत सुरुवात केली, इंग्रजी माझ्या सवयीचं. "द व्हॉल्व्ह वॉज नॉट क्लोज्ड" असं म्हटलं आणि मला माझाच आवाज परका वाटला. मग म्हटलं, "व्हॉल्व्ह मी नीट बंद केला नाही. पाना मागायला जायची मला लाज वाटली. कोरी फेरी न घेता मी घेतली म्हणून लिहिलं. आजचा आकडा खरा आहे. तो मी बघितलाय."

माणसं भली होती. "थँक यू फॉर द ऑनेस्टी," म्हणाली, काचेच्या नळ्यांचे फोटो काढले, कळवतो म्हणाली. ती जिना उतरेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या.

"कळवतो म्हणजे नाही," मग म्हणाल्या. "चल, चहा तरी करू. दादांना हाक मार."

मी कॉरिडॉरमधून हाक मारली. दादा लेथ बंद करून आले.

ब्लॅडरवर पुस्तक ठेवलं, काडी लावली. फिकट निळी ज्योत, नीट दिसतही नव्हती. त्यावर ते नवं पातेलं. आम्ही तिघं त्याच्याभोवती उकिडवे बसलेलो. ज्योत मोठ्या मुश्किलीने टिकली आणि चहाला कड यायच्या आत विझली.

दादांनी एक घोट घेतला. "बाई, कोमट हाय."

"असू दे. तुमचाच श्वास आहे."

"मग आज जरा कमीच फुकलं मी."

बाई हसल्या. मग मीही हसले. ब्लॅडर रिकामा होऊन पुस्तकाखाली चपटा पडला होता.

कंपनीचं पत्र आलं नाही. पुढच्या वर्षी बाईंनीच माझा बायोडेटा चार ठिकाणी पाठवला आणि मला नवी मुंबईत ही नोकरी लागली. इथे सगळं स्वयंचलित आहे. कोरी फेरी मशीन आपणहून घेतं. तरी मी ती पुन्हा एकदा हाताने घेते. माझ्या वरचे साहेब त्याला हसतात.

बाईंना दर रविवारी भेटायचं असं ठरवलेलं. त्याही डोंबिवलीतच राहायच्या, चालत वीस मिनिटं. आधी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग फोन. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नसे, मला मोठ्याने बोलता येत नसे. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी शीळफाट्यालाच होते, बसमध्ये. मावशी पहाटे गेली, म्हणाली. आणि गाळ्यातलं काय करायचं ते तुम्हाला विचारावं असं तिने लिहून ठेवलंय.

मी गाळा आवरायला गेले. जिन्याच्या वळणांवर त्यांच्या नाडीचे आकडे तसेच होते. शेवटचा आकडा जानेवारीतला. म्हणजे जानेवारीत त्या इथे आल्या होत्या, एकट्या, आणि मला माहीतही नव्हतं.

क्वार्ट्‌झची नळी कापसात गुंडाळून ठेवलेली होती. वह्या मी घेतल्या. बाटल्या खोक्यात भरू लागले. माझी, पोस्टमनची, त्या तीन साहेबांच्याही. बाईंची बाटली हातात घेऊन बराच वेळ बसले. तळाशी अजून चिमूटभर साका होता. थेंबभर आम्ल घातलं असतं तर त्यांचा श्वास बाहेर निघाला असता. नाही घातलं. ती बाटली माझ्या कपाटात आहे.

तिच्या मागे, फळीच्या अगदी आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. उघडलं. पाना होता. मी तो मिथेनच्या सिलिंडरपाशी नेऊन लावून बघितला. चपखल बसला.

मी तो घेऊन शेजारी गेले. दादांचे केस आता पूर्ण पांढरे झालेत. मी दारात उभी राहिले आणि त्यांनी लगेच वर बघितलं.

"हा पाना कुणाचा?" मी विचारलं.

त्यांनी लेथ बंद केला. "बाईंचा. मीच दिलेला, तू यायच्या आदी. त्यांचाच व्हॉल्व्ह, त्यांना कशाला माज्या दारात यायला लागावं?"

"मग मी..."

"तू आलीस नि मग आठवड्याभरानं त्या आल्या. म्हनल्या, पोरगी हुशार हाय पन बोलत नाय. रोज धाडते तुमच्याकडं. लगेच उठू नका, जरा बोलती करा." त्यांनी हात पुसले, मग तेच फडकं पुन्हा उलटं करून पुसले. "नंतर तो घोळ झाला तवा लई रडल्या बाई. इथंच, या स्टुलावर. म्हनल्या, माज्यामुळं झालं, आता तिला कसं सांगू."

मी त्या स्टुलाकडे बघितलं. साधं लोखंडी स्टूल होतं, वर तेलाचा डाग.

मला खूप काही बोलायचं होतं. ते ऐकायला जी एक व्यक्ती हवी होती, ती नव्हती. भंगारवाला खाली येऊन थांबला होता, सिलिंडर न्यायला. पाना माझ्या हातातच होता.

"दादा," मी म्हटलं, "जरा व्हॉल्व्ह आवळून द्या ना."

"आता काय हाय त्यात?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या पान्याकडे बघितलं. मग उठले, भिंतीवरचा स्वतःचा पाना काढला आणि माझ्यासोबत आले. रिकाम्या सिलिंडरसमोर वाकून त्यांनी शेवटचा पाव फेरा नीट बसवला, रोज बसवायचे तसा, आणि जाता जाता विचारलं, "लगीन ठरलं का गो?"

मी त्यांना सांगायला लागले.